भरवसा शब्दाचा की कुलपाचा?

विमानाचे भय बाळगणाऱ्या माणसाला ते भय बहुधा आकाशाचे असते; चाके जमिनीला टेकली की त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि उतरल्यानंतर विमान सावकाश गतीने फलाटाकडे चालले असताना तो सुटकेचा निःश्वास टाकून सामानाची आवराआवर करू लागतो. परंतु विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात, ज्यात ५८३ माणसे दगावली, तो २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील धावपट्टीवरच झाला. त्यातले एक विमान टॅक्सी करीत, म्हणजे स्वतःच्या चाकांवर जमिनीवरून वाट काढीत होते, आणि दुसऱ्याने जमीन जेमतेम सोडली होती. जमिनीवर चालणाऱ्या विमानाचे रक्षण कोणी करायचे, वैमानिक आणि मनोरा यांच्यात बोलल्या जाणाऱ्या शब्दांनी, की त्या शब्दांवर मुळीच विसंबून न राहणाऱ्या एखाद्या यांत्रिक बंदोबस्ताने, हा प्रश्न म्हणूनच केवळ त्या धंद्यातील लोकांचा राहत नाही.

या प्रश्नावर जुन्या जालन्यात दोन जाणत्या माणसांचा झालेला वाद येथे मांडीत आहे. एक आहेत रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर, ज्यांची हयात मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या लहानमोठ्या स्टेशनांत गेली. दुसरा त्यांचा भाचा, प्रवासी विमानावर सहवैमानिक म्हणून चाकरी करणारा. वादाचे निमित्त झाले पुण्याच्या विमानतळाचे, जेथे १६ मे २०२४ रोजी सुमारे १८० प्रवाशांना घेऊन दिल्लीस निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे टॅक्सी करीत जात असताना सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जाऊन धडकले होते. माणसे बचावली, विमान मात्र जायबंदी झाले.

मामा : तुमच्या खात्यातली एक गोष्ट मला आजवर उमगलेली नाही. आमचा मार्ग एकेरी आणि मीटरगेजचा होता, तेव्हा जालन्याहून बदनापूरकडे गाडी सोडायची झाली, तर ड्रायव्हरला मी तोंडी हुकूम देत नसे. पोलादाचा गोळा देत असे. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र असे. पुढच्या स्टेशनमास्तराने तारेवरून मोकळीक दिल्याखेरीज माझ्या यंत्रातून गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर पडला की तो यंत्रात परत पडेपर्यंत दोन्ही बाजूंनी दुसरा निघणे अशक्य. मग स्टेशनमास्तर पेंगुळलेला असो, चिडलेला असो, की साहेबाच्या धाकाने घायकुतीला आलेला असो. वेताच्या कड्याला बांधलेल्या चामडी पिशवीत तो गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर इंजिन हलवीत नसे. आणि तुम्ही? दोनशे माणसांचे विमान तुम्ही धावपट्टीवर नेता ते कशाच्या आधारावर? कानात पडलेल्या एका आवाजाच्या!

भाचा : आवाजाच्या आधारावर नेतो हे खरे, मामा, पण तो आवाज किती बंधनांतून गेलेला असतो ते पाहा. फलाटावरून विमान हलण्यापूर्वी ग्राउंडचा नियंत्रक कोणत्या टॅक्सीवेने जायचे आणि कोठे थांबायचे ते सांगतो. मी ते लिहून घेतो, आणि माझ्या विमानाचे नाव लावून शब्दशः परत म्हणून दाखवतो. त्याला आम्ही रीडबॅक म्हणतो. माझे म्हणणे त्याने ऐकायचे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हे त्याच्यावर बंधन आहे. मग कॅप्टन डाव्या हाताच्या लहान चाकाने विमान वळवीत नेतो, मी नकाशावर बोट ठेवून पुढचे वळण आधीच पुकारतो, आणि त्या वेळात कॉकपिटमध्ये कामाखेरीज दुसरे बोलणे वर्ज्य असते. धावपट्टीच्या तोंडाशी डांबरावर चार पिवळ्या रेषा आखलेल्या असतात, आमच्या बाजूच्या दोन सलग आणि पलीकडच्या दोन तुटक. कडेला तांबड्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक. सलग रेषा दिसली की थांबायचे. ती ओलांडायची तर टॉवरची स्वतंत्र परवानगी हवी, आणि ती परवानगीसुद्धा परत म्हणून दाखवावी लागते.

मामा : म्हणजे चार रेषा रंगवल्या आणि त्या पाळण्याची जबाबदारी शब्दावर सोपवली. रेषा चाकाला अडवीत नाही. टेनेरीफलाही आवाज होता, माणसे होती, अनुभव होता.

भाचा : होते, आणि म्हणूनच आमच्या धंद्यात तो अपघात प्रत्येकाला पाठ करावा लागतो. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून पुष्कळशी विमाने टेनेरीफवरील लॉस रोडेओसच्या लहान विमानतळावर वळवली गेली. टॅक्सीवे त्या विमानांनी भरून गेला, तेव्हा मोठ्या विमानांना धावपट्टीवरूनच उलट टॅक्सी करीत नेणे भाग पडले. आणि त्यातच धुके उतरले. डच केएलएमचे जंबो धावपट्टीच्या टोकाशी वळून उभे होते, अमेरिकन पॅनॅमचे जंबो त्याच धावपट्टीवरून त्याच्याच दिशेने येत होते, आणि मनोऱ्याला दोन्हींपैकी एकही दिसत नव्हते. केएलएमला मिळाली होती ती उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी. उड्डाणाची मंजुरी अजून यायची होती. त्यांच्या सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवताना शेवटी जे शब्द जोडले, त्यांचा अर्थ आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत असाही होई आणि आम्ही उड्डाण करीत आहोत असाही. नियंत्रकाने आधी 'ओके' म्हटले आणि नंतर थांबायला सांगितले. त्याच क्षणी पॅनॅमने आपण अजून धावपट्टीवर असल्याचे सांगितले. आमच्या रेडिओवर दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात शिट्टीसारखा कर्कश स्वर तेवढा उमटतो, आणि तारणारी दोन्ही वाक्ये त्या स्वरात बुडाली.

मामा : मग माझा मुद्दा तूच सिद्ध केलास. दोन वाक्ये एका क्षणी उच्चारली गेली, एवढ्या कारणाने पावणेसहाशे माणसे जातात, त्या साधनावर तुमची भिस्त.

भाचा : पुढचे ऐका. कॉकपिटमध्ये तिसरा माणूस होता, फ्लाइट इंजिनीअर. पॅनॅमचे विमान अजून धावपट्टीवरून हटले नाही काय, असा प्रश्न त्याने विमान धावू लागल्यावर विचारला. कॅप्टन कंपनीचा प्रमुख प्रशिक्षक होता. त्याने ठासून होकार दिला, आणि प्रश्न तेथेच मिटला. धोका ओळखणारा शब्द उच्चारला गेला होता. त्याला मान मिळाला नाही. त्यानंतर जे बदलले ते दोन्ही बाजूंनी बदलले. 'टेक-ऑफ' हा शब्द आता उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा काढून घेतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. नुसत्या 'ओके'वर कोणतीही परवानगी पुरी झाली असे मानायचे नाही. आणि कनिष्ठाने शंका काढली तर वरिष्ठाने हातातले काम थांबवून तिचे निरसन करायचे, हे शिक्षण जगभरच्या विमानकंपन्यांनी आपापल्या कॅप्टनांना दिले.

मामा : सुधारणा झाल्या हे मान्य. टेनेरीफला जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे लोटल्यावर टोकियोच्या हानेदा विमानतळावर काय झाले? २ जानेवारी २०२४. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे विमान. त्याला टॅक्सीवेच्या तोंडाशी जाऊन थांबण्याचा हुकूम होता, आणि रांगेत तुमचा क्रमांक पहिला, असे त्याच वाक्यात सांगितले होते. हुकूम त्याने परतही म्हणून दाखवला, बिनचूक. आणि मग ते विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभे राहिले, तोवर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान त्यावर येऊन आदळले. मोठ्या विमानातले सर्वच्या सर्व ३७९ जण पेटत्या सांगाड्यातून बाहेर पडले, हे त्या कर्मचाऱ्यांचे अलौकिक कर्तृत्व. लहान विमानातल्या सहांपैकी पाच मात्र मेले. तुझे रीडबॅक तेथे पुरे झाले होते. त्याने काय वाचवले?

भाचा : काही नाही वाचवले, हे कबूल. त्या 'पहिला क्रमांक' शब्दाचा वापरही जपानने लागलीच थांबवला. पण तुमच्या यंत्राचेही तेथे काय झाले ते पाहा. त्या तोंडाशी जमिनीत लाल दिव्यांची आडवी ओळ होती, स्टॉप बार. ती दुरुस्तीसाठी बंद होती, आणि चालू असती तरी नियमाप्रमाणे दृश्यता घटल्यावरच ती लावायची होती. धावपट्टीवर विमान शिरल्याचा इशारा देणारा पडदाही मनोऱ्यात होता. त्याने इशारा दिला, आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. यंत्राने बोलायचे आणि माणसाने ऐकायचे, हा व्यवहार शेवटी तेथेही उरतोच.

मामा : इशारा देणारे यंत्र आणि अडवणारे यंत्र यांत फरक आहे. माझा गोळा इशारा देत नसे. तो निघतच नसे.

भाचा : तुमच्या गोळ्याची एक गोष्ट तुमच्याच रेल्वेच्या इतिहासातून सांगतो. वेल्समध्ये ॲबरम्यूल नावाचे स्टेशन; २६ जानेवारी १९२१; अशाच एकेरी मार्गावर तुमच्या यंत्राचाच भाऊबंद असलेले टोकनयंत्र. एक गाडी मागच्या टप्प्याचे टोकन घेऊन स्टेशनात आली. ते टोकन यंत्रात परत टाकायचे सोडून स्टेशनातल्या माणसांच्या हातोहाती फिरले आणि पुढच्या टप्प्याचे समजून त्याच ड्रायव्हरला परत देण्यात आले. त्यावरचे नाव त्याने वाचले नाही; देणाऱ्यानेही नाही. समोरून एक्स्प्रेस येत होती, खरे टोकन घेऊन. सतरा माणसे गेली. यंत्राने आपले काम चोख बजावले होते, मामा. पोलादावर कोरलेले नाव मोठ्याने वाचण्याचे दोन क्षणांचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

मामा : (थोडे थांबून) गोळा हातात आल्यावर त्यावरची स्टेशनांची नावे वाचून खात्री करायची, हा आमच्याकडे नियमच होता. कसूर वाचण्यात झाली, म्हणून कुलूप निरुपयोगी ठरत नाही. बरे, वेल्स लांब राहिले. आपल्या दाराशी ये. आपल्याच जालना रस्त्यावर चिकलठाण्याचा विमानतळ आहे, येथून साठ किलोमीटरांच्या आत. २६ एप्रिल १९९३, भर दुपार. इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग ११८ माणसांनिशी मुंबईस जाण्यासाठी धावू लागले. धावपट्टी तेव्हा सहा हजार फुटांची, आणि तिच्या टोकापासून चारशे फुटांच्या आसपास बीडचा रस्ता आडवा गेलेला. त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी लादलेला ट्रक चालला होता. उन्हाळ्यातला तो नेहमीचा ट्रक, मोंढ्याच्या वाटेवर असले ट्रक आपण शेकड्यांनी पाहिलेले. विमान उचलले गेले ते इतके उशिरा, की त्याचे डावे चाक आणि डावे इंजिन रस्त्यापासून सात फूट उंचीवर त्या ट्रकला धडकले. पुढे तीनेक किलोमीटरांवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांत सापडून विमान कोसळले. ५५ माणसे गेली. आता मला सांग, आमच्या लोहमार्गाला बैलगाडीची वाट आडवी गेली तरी तेथे फाटक असते, आणि महत्त्वाच्या ठिकाणी ते सिग्नलशी असे जखडलेले असते की फाटक लागून कुलूप बसल्याखेरीज सिग्नल पडत नाही. चिकलठाण्याला त्या ट्रकड्रायव्हराशी कोणता शब्द बोलला गेला होता? त्याच्याजवळ रेडिओ नव्हता, त्याला विमानाची खबर नव्हती. जो तुमच्या संभाषणात सामीलच नाही, त्याचे रक्षण तुमचे संभाषण कसे करणार?

भाचा : याला माझ्याजवळ उत्तर नाही, कारण चौकशीतही तेच निघाले. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले आणि उचलण्याची रीतही चुकली, हे एक कारण. आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरच्या वाहनांचे नियंत्रण करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने कसूर केली, हे दुसरे. आज ती धावपट्टी नऊ हजार फुटांहून लांब आहे. पण तेव्हा तेथे एक फाटक आणि फाटकवाल्याजवळ मनोऱ्याचा एक टेलिफोन असता, तर वैमानिकाची चूक कदाचित चूकच राहिली असती, अपघात झाली नसती.

मामा : आणि मुंबईचे घे. ८ जून २०२४. एअर इंडियाचे विमान तिरुवनंतपुरमला जाण्यासाठी धावपट्टीवरून धावत आहे, आणि त्याच धावपट्टीवर मागून इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान उतरत आहे. दोघांनाही परवानगी होती! दोघांनीही ती रीतसर घेतलेली. रीडबॅक करणारा बिचारा वैमानिक यात काय पकडणार? नियंत्रकाला कामावरून दूर केले म्हणे. त्याला दूर केल्याने दुसऱ्या दिवशीच्या नियंत्रकाच्या हातून दोन परवानग्या सुटणे अशक्य होते काय? माझ्या यंत्रातून दुसरा गोळा निघालाच नसता.

भाचा : निघाला नसता, पण तुमच्या मार्गावर दिवसाकाठी गाड्या किती होत्या? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवावी लागते, आणि तिच्यावरून दिवसाला नऊशेच्या घरात विमाने ये-जा करतात. तेथे पुढचे विमान उचलत असताना मागचे उतरणीला लागलेले असतेच. पूर्ण रिकामी होईपर्यंत कुलूप घालून ठेवली तर निम्मे आकाश तुंबून राहील. शिवाय शब्दाजवळ एक सामर्थ्य आहे जे गोळ्याजवळ नाही. गोळा ड्रायव्हर आणि दोन स्टेशनमास्तर एवढ्यांनाच ठाऊक. आमचा शब्द त्या लहरीवरची सारी विमाने ऐकतात. दुसऱ्याला दिलेली चुकीची परवानगी तिसऱ्याने ऐकून टोकावी, ही गोष्ट आमच्यात घडते. आणि ऐकलेला शब्द कळला नाही तर लगेच विचारायचे, हा मिलानच्या लिनाते विमानतळाचा धडा आहे. ८ ऑक्टोबर २००१, दाट धुके. एक छोटे खासगी विमान चुकीच्या टॅक्सीवेवर वळले, आणि आपण कोठे आहोत ते त्याच्या वैमानिकाने जमिनीवर रंगवलेली खूण वाचून सांगितलेसुद्धा. ती खूण नियंत्रकाच्या नकाशावर नव्हती. त्याने विचारले नाही की ही खूण कोठली. तो समजला की विमान योग्य वाटेवरच आहे. ते विमान धावपट्टीवर गेले आणि उड्डाण करणारे प्रवासी जेट त्यावर आदळले. ११८ माणसे. एका प्रश्नाचे अंतर होते.

मामा : जमिनीवरचे रडार कोठे होते त्या दिवशी?

भाचा : जुने काढून टाकलेले, नवे सुरू झालेले नव्हते.

मामा : मग त्या प्रश्नाइतकेच अंतर त्या रडारचेही होते. हे बघ, माझा आक्षेप नीट समजून घे. शब्द वाईट आहे असे मी म्हणत नाही. रात्रपाळीच्या तिसऱ्या प्रहरी, धुक्यात, घाईत, वरिष्ठ शेजारी बसलेला असताना कनिष्ठाने धीर करून प्रश्न विचारावा, यावर जर शेकडो प्राण अवलंबून असतील, तर ती व्यवस्था माणसाकडून रोज शौर्याची अपेक्षा करते. व्यवस्थेने माणसाकडून रोज कर्तव्य मागावे. शौर्य मागू नये.

भाचा : हे मी मान्य करतो, आणि ही कंपन्यांच्या कार्यालयांत लिहून ठेवावी अशी गोष्ट आहे. आता माझा एक प्रश्न. तुमचे टोकनयंत्र बिघडले की तुम्ही काय करीत होता?

मामा : गाडी थांबवून ठेवीत नसू. पुढच्या स्टेशनमास्तराशी फोनवर बोलायचे. त्याने लाइन क्लिअर दिली की त्याच्या तक्त्यातला एक प्रायव्हेट नंबर त्याने सांगायचा, तो मी त्याला परत म्हणून दाखवायचा, दोघांनी आपापल्या नोंदवहीत वेळेसह लिहायचा, आणि वापरलेला नंबर तक्त्यातून खोडायचा. मग कागदी लाइन क्लिअर भरून ड्रायव्हरच्या हाती द्यायची.

भाचा : म्हणजे रीडबॅक!

मामा : रीडबॅक खरे, पण त्याच्यापाठोपाठ दुसरी गोष्ट असे, जी तुमच्याकडे मला दिसत नाही. यंत्र बंद पडले त्या दिवशी गाड्यांची रीत बदले. आमचा वेग आणि आमची घाई दोन्ही उतरत. गाड्यांना उशीर होई, प्रवासी शिव्या देत, वरून फोन येत, आणि तरी तो उशीर नियमाने मंजूर केलेला असे. कुलूप निघाले की चाल मंदावायची. तुमच्या विमानतळावर लाल दिव्यांची ओळ दुरुस्तीला गेली, रडार काढले गेले, मनोऱ्यात माणूस कमी पडला, म्हणून त्या दिवशी दोन विमानांमधले अंतर कोणी वाढवले काय?

भाचा : धुक्यात वाढवतात. साधन बंद असल्याच्या कारणाने नेहमी वाढवतात, असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. बहुधा एक सूचना निघते, आम्ही ती उड्डाणापूर्वी वाचतो, आणि वेळापत्रक तसेच चालू राहते. कुलूप गेल्याचा सगळा भार मुकाट्याने शब्दावर येऊन पडतो.

मामा : मग आपले भांडण मिटले. कुलूप असेल तेथे शब्द त्याची खातरजमा करील. कुलूप नसेल तेथे शब्दाला पुरेसा अवधी द्या.

वाद येथे थांबला, आणि माझ्या मते योग्य जागी थांबला. परवानगी देणाऱ्याच्या मुखातून निघाली म्हणजे पुरी झाली, असे मानण्याची आपल्याकडे कचेरीपासून कारखान्यापर्यंत सर्वत्र चाल आहे; वस्तुतः ती घेणाराने परत बोलून दाखवली, देणाराने ती ऐकून कायम केली, आणि मध्ये शंका निघाल्यास काम थांबले, तेव्हाच ती पुरी होते. हा भाच्याचा सिद्धान्त निर्विवाद आहे. परंतु शब्दाची ही सारी शिस्त, ऐकणारा कान ताजा असेल आणि विचारणाऱ्याला सवड असेल तेव्हाच फळते. ती सवड निर्माण करणे हे वैमानिकाचे काम नव्हे, ते विमानतळ चालवणाऱ्यांचे आणि नियम करणाऱ्यांचे काम आहे. धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिवे बसवावेत आणि ते धुक्याची वाट न पाहता दिवसरात्र पेटते ठेवावेत; एखादे साधन बंद असेल त्या दिवशी वाहतूक कमी करण्याची सक्ती नियमातच असावी; आणि त्यामुळे होणारा उशीर कंपनीच्या किंवा नियंत्रकाच्या नावे कसूर म्हणून कधीही लिहिला जाऊ नये.

राहिले आपण प्रवासी. विमान धावपट्टीच्या तोंडाशी दहा मिनिटे उभे राहिले की आपण घड्याळ पाहतो, कुरकुरतो, आणि खाली उतरल्यावर तक्रार लिहितो. ती कुरकुर कंपनीच्या दप्तरात जमा होते, तेथून ती वेळापत्रकाच्या दडपणाचे रूप घेऊन कॉकपिटमध्ये आणि मनोऱ्यात पोहोचते, आणि 'पुन्हा सांगा' हे दोन शब्द उच्चारू पाहणाऱ्याचा गळा आवळते. यापुढे विमान जमिनीवर थांबलेले असेल तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी एक प्रश्न विचारीत आहे असे समजावे, आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत निमूटपणे वाट पाहावी.